सहा मोकळ्या जागा

१

माझ्या बायकोचा श्वास नऊ अक्षरं पुरायचा. तंजावुरातल्या कुठल्याही वैद्यापेक्षा हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण रोज सकाळी कापी पिऊन झाली की मी फिडील मांडीवर घ्यायचो, जयलक्ष्मी समोर बसायची आणि आम्ही तिचा श्वास मोजायचो. दोन वर्षांपूर्वी तिला छातीचा ताप येऊन गेला. त्याआधी ती हरिकथेला उभी राहिली की अख्खी साकी एका दमात म्हणायची आणि वर बायकांकडं बघून हसायची. तापानंतर नऊ अक्षरं. ढगाळ हवेत आठ.

आमचं मराठी राज्य खालसा होऊन सत्तावन्न वर्षं झाली होती. माझे आजोबा दरबारात फिडील वाजवत. मी, वादिराज, कलेक्टर कचेरीत कागदांच्या नकला काढायचो आणि उरलेला वेळ जयाच्या कथेला साथ करायचो. गावात माझ्यासारखी पदं बांधणारा दुसरा नाही, असं माझं मत होतं. ते मी कोणापासून लपवूनही ठेवलं नव्हतं.

त्या वर्षी मार्गळी महिना लागता लागता मद्रासहून सुब्रमण्यम नावाचा माणूस आला. तो गाण्याच्या तबकड्यांच्या एका कंपनीचा दलाल होता. गोरा दोरै, म्हणजे साहेब, आणि त्याचं आवाज टिपायचं यंत्र घेऊन तो राजवाड्यामागच्या गल्लीत उतरला होता. आमच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर बसून, तमिळमध्ये इंग्रजी कालवत त्यानं सांगितलं, की कंपनीला एक नवं मराठी पद हवंय. जुनं नको, कोणी गायलेलं नको. बाईचा आवाज पाहिजे आणि बरोबर तीन मिनिटं.

मी इतका हुरळून गेलो की त्याला दुसरा पेला कापी विचारायचीही राहिली. पद तर माझं होणारच होतं. पण खरी गोष्ट वेगळी होती. नवाचे आठ होत होते, आठाचे सहा कधी होतील सांगता येत नव्हतं, आणि जयाचा आवाज तिच्याआधी निघून जाणार याची मला रोज सकाळी मोजताना धास्ती वाटायची. तो आवाज त्या यंत्राच्या मेणात उतरला असता तर कायमचा राहिला असता. मला एवढंच हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं.

२

पद मी दोन दिवसांत बांधलं. राम गंगेकाठी येतो, आणि नावाडी गुह त्याला सांगतो:

हळूच ठेवी पाय, रामा, नौका माझी डळमळे
पैलतीर दूर आहे, पाणी काळे खळबळे
हात दे रे, हात, रामा, सांज आता मावळे

आधी सावेरी रागात बसवून पाहिलं. सावेरी रडायला सुरुवात करतो तोवर तीन मिनिटं संपतात. मोहनात नावाडी जत्रेला निघाल्यासारखा वाटायला लागला. मग बेहाग घेतला आणि पहिल्याच ओळीला नाव पाण्यात उतरली. मी एकटाच ‘भले!’ म्हणून ओरडलो. लय ठेवली वल्ह्याची, ना संथ ना घाईची. तंबोरा काढून टाकला, कारण त्या यंत्राच्या कर्ण्याला तंबोरा ऐकूच येत नाही. त्याऐवजी माझ्याच खालच्या तारेवर षड्ज धरायचं ठरवलं.

राहिला श्वास. आमच्या कथेत त्याची सोय असते. पुढं गाणारी ओळीचा शेवटचा शब्द सोडते, आणि तिच्या मागं एक पाऊल उभी असलेली पिन्पाट्टुवाली तो शब्द उचलते. तेवढ्यात पुढची दम घेते. त्या सोडलेल्या शब्दाला आम्ही शेपूट म्हणतो. जयाच्या मागं चौदा वर्षं माझी आत्या शेषम्मा उभी राहत आली होती. जया म्हणायची, ‘नौका माझी’, आणि शेषम्मा मागून म्हणायची, ‘डळमळे’. तीन ओळी, प्रत्येक दोनदा, म्हणजे पुरा दम घ्यायला सहा जागा; ओळीच्या मधे चोरटा श्वास तेवढा. पद मी तसंच कापलं होतं.

पण दोरै म्हणाला, कर्ण्यापुढं एकच आवाज. मागचा आवाज मेणात चिखल करतो.

मग त्या सहा जागांत मी फिडील घालून पाहिलं. जया म्हणाली, ‘तुमचें फिडील माझ्या डोक्यावर पडतें.’ तिचं खरं होतं. आणि मग मला ते सुचलं. जागा मोकळ्याच ठेवायच्या! ‘नौका माझी...’ म्हणून थांबायचं, मृदंगाचे दोन हलके हात, आणि शब्द कोणीच म्हणायचा नाही. ऐकणारा आपल्या मनात म्हणेल, ‘डळमळे’. असं पद आजवर कोणी बांधलं नव्हतं. मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या.

शेषम्मेला सांगायला गेलो. तिला राग येईल अशी तयारी ठेवूनच गेलो होतो. ती पाटावर बसून चिंच निवडत होती.

‘मज काढट्लास तर काढ, वादिराजा,’ ती म्हणाली. ‘माझा आवाज तरी काय राहिलाहे. पण जागा उघडी टाकूं नक्को.’

‘म्हणजे?’

‘मागें कोणी नाहीं तर पुढचीनेंच शेपूट म्हणायाचें. मी आजारी पडले तेव्हां जया काय करत होती? स्वतःच म्हणत होती. खोकत खोकत म्हणत होती. सोडायाचें नाहीं.’

‘पण का?’

तिनं चिंचेतून मान वर केली. ‘कां म्हणून कोण विचारट्लें? आमच्या अम्मेनें असेंच केलें.’

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात आणि ती त्याला रिवाजाचं पांघरूण घालतेय, असं मी ठरवून टाकलं. वाटेत मला हसूही आलं.

३

यंत्राची खोली माडीवर होती. कावळ्यांची कावकाव आत येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. मधोमध तो पितळी कर्णा. त्याचं निमुळतं टोक भिंतीत केलेल्या भोकातून पलीकडच्या खोलीत, दोरैच्या मेणापर्यंत गेलेलं. जया कर्ण्यापासून वीतभर अंतरावर उभी. मी तिच्या उजवीकडं उंच स्टुलावर, फिडील कर्ण्यात शिरेल इतकं जवळ. मृदंगवाला कृष्णाजी पार दाराजवळ, आणि त्याच्या मृदंगाला पंचा गुंडाळलेला, तेवढ्यावरून तो माझ्यावर रुसलेला.

वरच्या षड्जाला आवाज फुटू नये म्हणून दोरै गाणाऱ्याचं डोकं हातानं मागं ढकलतो म्हणे. बाईमाणसाला हात लावायचा नाही हे सुब्रमण्यमनं त्याला आधीच बजावलं होतं. म्हणून मीच जयाला शिकवलं, ‘हात दे रे’ आलं की मान मागं घे, सूर उतरला की पुढं ये. तिच्या मागं भिंतीपर्यंत चार हात रिकामी फरशी होती.

पहिलं मेण चाचणीचं. पद सुरळीत झालं. सहाही जागा मोकळ्या राहिल्या, आणि त्या शांततेत मृदंगाचे दोन हात असे पडले की माझ्या अंगावर काटा आला. चाचणीचं मेण लगेच वाजवून ऐकता येतं, पण एकदाच. सुई फिरली की रेघा बुजतात आणि मेण वाया जातं. आम्ही सगळे कर्ण्याभोवती कान लावून उभे राहिलो.

जयाचा आवाज कर्ण्यातून आला तेव्हा तिनं माझी बाही पकडली. स्वतःचा आवाज ती पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होती. बारीक, लांबून येणारा, पण तिचाच. मी ओठ दाबून रडू आवरत होतो. चौथी जागा आली. ‘पाणी काळे...’ आणि मृदंगाच्या दोन हातांच्या मध्ये कोणीतरी श्वास आत घेतला.

चांगला खोल, भरपूर श्वास. गायला उभं राहिलेलं माणूस घेतं तसा.

‘श्वास जरा हळू घे,’ मी जयाला म्हटलं. ‘मेण सगळं टिपतं.’

‘मी तिथें घेतला नाहीं.’

‘घेतलास. मी ऐकला.’

‘नाहीं हो. मज लागलाच नाहीं. मी तशीच उभी राह्यट्लें.’

दोरै म्हणाला, मेणात खडा असेल. मेण तर बुजलं होतं. पुन्हा ऐकायची सोय नव्हती. मी ती गोष्ट सोडून दिली, कारण जिना उतरताना दुसरीच नवलाई घडली. एरवी चार पायऱ्यांवर थांबणारी जया न थांबता सगळा जिना उतरली आणि खाली उभी राहून माझी वाट बघू लागली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं. सोळा अक्षरं! मी पुन्हा म्हणायला लावलं. बावीस. मी तिला कडेवर घ्यायचंच काय ते बाकी होतं.

‘बरें वाटतें,’ ती म्हणाली. ‘गातांना कोणी मागून धरट्ल्यासारखें वाटतें. पडूं देत नाहीं.’

‘गाणंच तुझं औषध आहे,’ मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं.

मग ती चुलीशी गेली. लाकडं ओली होती. फुंकणी तोंडाला लावून तिनं फुंकायला सुरुवात केली आणि मी सवयीनं मोजू लागलो. वीस. तीस. निखारे लाल झाले, ज्वाळ उठली, तरी ती फुंकतच होती. पन्नास. तिचे खांदे जराही हलत नव्हते. माणूस फुंकतं तेव्हा छाती खाली बसते, आणि मी तिच्या छातीकडं बघत होतो. साठाला मी ‘जया!’ म्हणून हाक मारली. ओरडलोच असेन, कारण तिच्या हातातली फुंकणी पडली.

‘काय झालें?’ तिनं विचारलं. तिला धापबिप काही लागलेली नव्हती.

मी म्हटलं, ‘काही नाही.’ माझ्या मोजण्यात चूक झाली असणार. आनंदात माणूस भरभर मोजतो.

तरी चौथ्या जागेतला तो श्वास मला बोचत होता. कचेरीतला माणूस मी, मला पुरावा लागतो. माझी खात्रीच झाली, की शेषम्मा गोधडीमागं येऊन उभी राहिली असणार. चौदा वर्षांची सवय, शिवाय राग. तिच्या घरी गेलो. ती आतल्या खोलीत चटईवर निजली होती आणि तिचा उजवा पाय उशीएवढा सुजला होता. तीन दिवस ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. शेजारीण म्हणाली, परसातही आम्हीच धरून नेतो.

‘मेणांत कोण आलें?’ शेषम्मेनं विचारलं.

मी तिला काहीही सांगितलं नव्हतं.

‘कोणी नाही. तू पायाला लेप लाव.’

‘जयेस सांग शेपूट म्हण म्हणून,’ ती म्हणाली. ‘अजून वेळ आहे. पुढची ती आहे. तिचें पद तिनेंच पुरें करायाचें.’

‘तसं केलं तर पदाची सगळी गंमत जाईल, आत्ये.’

ती भिंतीकडं तोंड करून निजली.

५

दुसरी चाचणी शुक्रवारी सकाळी झाली. जयाचा दम एवढा वाढला होता की जागांची गरजच उरली नव्हती. पण मी त्या काढल्या नाहीत. त्याच तर माझ्या पदाचा प्राण होत्या. मी फक्त थोड्या रुंद केल्या. मृदंगाच्या दोन हातांऐवजी चार. खोलीत एकही वावगा आवाज झाला नाही. मी कान टवकारून वाजवत होतो, शपथेवर सांगतो.

मग मेण लावलं.

‘हळूच ठेवी पाय, रामा, नौका माझी...’

‘डळमळे,’ कर्णा म्हणाला.

सुब्रमण्यमनं टाळीच वाजवली. दोरैसुद्धा पलीकडच्या खोलीतून धावत आला. प्रत्येक जागेत तो आवाज येत होता. ‘खळबळे.’ ‘मावळे.’ स्वच्छ, गोल, पुढच्या आवाजापेक्षा जवळचा. सुब्रमण्यम विचारत सुटला, हे कसं साधलंत, राव? मागं कोण उभं केलं होतं? एक आवाज लांब, एक जवळ, अशी तबकडी कलकत्त्यालाही कोणी केली नाही!

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘माझी एक युक्ती आहे.’

कारण मला तो आवाज ओळखता आला होता. तो शेषम्मेचा नव्हता. तो जयाचा होता. आताच्या जयाचा नव्हे, तापाआधीचा. साकी एका दमात म्हणून बायकांकडं बघून हसणाऱ्या जयाचा. दोन वर्षं तो मी ऐकला नव्हता. तो गेला म्हणून मी रात्री उशीत तोंड खुपसून रडलो होतो, आणि आता तो माझ्या पदातून, माझ्या मोकळ्या जागांतून येत होता. मला तिथून पळावंसं वाटत होतं आणि मला नाचावंसंही वाटत होतं. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

बुद्धी आपलं काम करत होती. खोलीचा प्रतिध्वनी असेल, असं ती म्हणाली. पण न म्हटलेल्या शब्दाचा प्रतिध्वनी कसा उठेल?

कृष्णाजी मृदंगाचा पंचा सोडत होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘वादिराजराव, वैनींचा आवाज आज एवढा बारीक कां आला? दारापाशीं मज ऐकूंच येत नव्हता.’

‘तुझे कान म्हातारे झालेत,’ मी म्हटलं.

मी मुद्दाम जयाकडं पाहिलं नाही. ती कर्ण्याच्या तोंडात वाकून बघत होती, आत कोण आहे ते शोधत असल्यासारखी.

६

घरी आल्यावर मी पद पुन्हा मांडलं. उत्साह असा की जेवायचं भान नाही. जागेत एक शब्द सोडला तर एक शब्द येतो. अर्धी ओळ सोडली तर? जयानं फक्त ‘हळूच ठेवी पाय, रामा’ म्हणायचं, आणि ‘नौका माझी डळमळे’ सबंध सोडायचं. म्हणजे मागच्या आवाजाला ताना घ्यायला, मींड घ्यायला मोकळं रान. फिडील मी खाली उतरवलं. मृदंग आणखी दूर नेला. दुपारपर्यंत नवी मांडणी कागदावर तयार होती आणि आयुष्यात मी यापेक्षा चांगलं काही बांधलं नव्हतं.

जयानं कागद वाचला. तो घडी घालून तिनं माझ्या हातात दिला. ती बोलली तेव्हा मला तिच्याजवळ सरकावं लागलं, इतका तिचा आवाज लहान झाला होता.

‘मज पुरें गाऊं द्या,’ ती म्हणाली. ‘शेपूट मीच म्हणतें. दम लागला तर लागो.’

‘अगं, पण आता दम कुठं लागतो तुला?’

‘तेंच सांगतें. दम लागत नाहीं म्हणून भय वाटतें. काल झोपेंत जागी झालें. तुम्हीं घोरत होता. मी पडून राह्यट्लें, आणि माझ्या ध्यानांत आलें मी श्वास घेतच नाहीं. मागून कोणी घेतें. मी पालथी पडट्लें तर तें माझ्या पाठीवर होतें.’

तिनं हे रडत सांगितलं नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. मी तिचा हात हातात घेतला, तो गरम होता, नाडी चालत होती. दोन वर्षं छातीला जपत आलेल्या बाईला असे भास होणारच, असं मी स्वतःला समजावलं.

‘उद्याचं एक मेण,’ मी म्हटलं. ‘मग तू हवं ते गा. एवढं एकदा माझ्यासाठी.’

तिनं चौदा वर्षांत मला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या वेळी तिनं ते म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि मानेनं हो म्हटलं.

७

खरं मेण वाजवून बघायचं नसतं. ते थेट पेटीत जातं, कलकत्त्याला जातं आणि तबकडी होऊन येतं. तोवर त्यात काय आहे हे कोणालाच कळत नाही.

दोरैनं भोकातून बोट वर केलं. मी षड्ज धरला.

‘हळूच ठेवी पाय, रामा,’ जया गायली. वीतभर अंतरावर कर्णा, दोन हातांवर मी, आणि मला ती जेमतेम ऐकू आली. मग ती थांबली. ओठ घट्ट मिटले. मोकळी जागा सुरू झाली. खोलीत माझ्या तारेशिवाय कसलाही आवाज नव्हता. पण तिच्या मानेवरचे बारीक केस हलले. खिडकीच्या गोधडीमागं वारा नव्हता. केस पुढं उडाले, जागा संपेपर्यंत तसेच राहिले, मग खाली बसले.

दुसरी ओळ. तिचे ओठ हलले, पैलतीर दूर आहे, आणि मला काहीही ऐकू आलं नाही. कृष्णाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच त्याला वाजव म्हटलं.

इथं मी थांबू शकत होतो. हात बाजूला घेतला असता तर मेण फुकट गेलं असतं, दुसरं काही झालं नसतं. हा विचार माझ्या मनात येऊन गेला, अगदी स्पष्ट आला. गज तसाच चालू राहिला, कारण बेहाग इतका सुंदर लागला होता, आणि पलीकडच्या खोलीत दोरै हसत होता. त्याला ऐकू येत होतं! पाचव्या जागेपर्यंत मी वाजवत आलो.

शेवटची ओळ. ‘हात दे रे’ला जयानं मी शिकवल्याप्रमाणे मान मागं घेतली. सूर उतरला, तरी मान पुढं आली नाही. ती तशीच मागं राहिली, टेकल्यासारखी. मागं चार हात नुसती फरशी होती. तिचा सगळा भार मागं होता आणि ती पडत नव्हती. तिचे डोळे माझ्याकडं वळले. आणि तिच्या डाव्या कानाच्या मागं, केसांच्या रेषेला लागून, एक उघडलेलं तोंड होतं. आतले दात दिसले. त्याच्या वरच्या बाजूला काय होतं ते मी पाहिलं नाही. मी तारांकडं बघायला लागलो आणि समेवर आलो.

दोरै टाळ्या वाजवत आत आला. जया सरळ उभी होती. मी तिला विचारलं, ‘बरी आहेस ना?’ तिनं उत्तर दिलं, मी तिचे ओठ पाहिले. आवाज आला नाही.

८

पाच महिने वैद्य झाले, डॉक्टर झाले. घसा स्वच्छ आहे, म्हणाले. छाती स्वच्छ आहे, अशी छाती आम्ही पाहिली नाही, म्हणाले. जया कामं करायची, दारात पिठाचं कोलम काढायची, माझं ताट वाढायची. कानाजवळ तोंड आणलं तर शब्दांचा वारा तेवढा लागायचा. शेषम्मा भेटायला येऊ लागली, पण माझ्याशी बोलत नसे.

वैशाखात तबकडी आली. सुब्रमण्यम स्वतः घेऊन आला, सोबत वाजवायचं यंत्रही भेट म्हणून. मद्रासेत लोक वेडे झालेत, म्हणाला. काय मांडणी केलीत, राव! आधी फिडील एकटं हाक मारतं, मग बाई उत्तर देते. ओळीच्या पहिल्या अर्ध्यात बाईला गप्प ठेवायचं हे सुचलं कसं? आणखी सहा पदं हवीत.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि तबकडी लावली. जया खांबाला टेकून बसली होती.

माझं फिडील आलं. ‘हळूच ठेवी पाय, रामा’ जिथं असायला हवं तिथं कोणी नव्हतं, नुसता षड्ज आणि दूरचा मृदंग. मग मोकळी जागा आली आणि तो आवाज उठला. नौका माझी डळमळे. देवा, काय आवाज होता! तापाआधीसुद्धा ती इतकं कधी गायली नव्हती. एका श्वासात सबंध ओळ, तिच्यावर तान, तानेवर तान, कुठं दम घेतल्याची खूण नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सहाही जागा काठोकाठ भरल्या होत्या, आणि सहाही ओळींची सुरुवात रिकामी होती.

जया उठून माझ्याजवळ आली. तिनं ओठ माझ्या कानाला लावले.

‘कोण ही?’

‘तूच,’ मी म्हटलं.

तिनं मानेनं नाही म्हटलं. ‘मी पुढें होतें,’ तिच्या शब्दांचा वारा मला लागला. ‘माझें कुठें आहे?’

मी तबकडीकडं पाहत राहिलो. सुई शेवटच्या रेघेत घासत होती. जया माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत होती. तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती, तोंड रडताना उघडतं तसं उघडलं होतं, आणि त्यातून काही म्हणजे काही बाहेर येत नव्हतं. मला तिला जवळ घ्यायचं होतं. तबकडी तिथल्या तिथं दगडावर आपटायची होती. हे सगळं मला समजत होतं आणि मी ते करणारही होतो, फक्त त्याआधी मला तो आवाज आणखी एकदा ऐकायचा होता.

मी चावी दिली आणि सुई पहिल्या रेघेवर ठेवली.